किडनी ठीक, लिव्हर ठीक, तरी अल्ब्युमिन १.८. प्रोटीन आतड्यातून जातं म्हणे?

धाकटा_भाऊ

नमस्कार मंडळी. ताईच्या तब्येतीबद्दल विचारायचं आहे. थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

ताई ३४ वर्षांची. गेले काही महिने अंगावर सूज आहे. सकाळी उठली की डोळ्यांखाली फुगलेलं असतं, संध्याकाळपर्यंत ते सगळं पायांत उतरतं. नडगीवर अंगठा दाबला की खळगा पडतो आणि बराच वेळ तसाच राहतो. वजन वाढलंय, पण दंड बघितले तर ती वाळलीय.

अल्ब्युमिन, म्हणजे रक्तातलं पाणी रक्तवाहिन्यांत धरून ठेवणारं मुख्य प्रोटीन, १.८ आलं (३.५ ते ५ हवं), एकूण प्रोटीन ४.२. कोलेस्टेरॉल २९० निघालं म्हणून सगळ्यांनी आधी किडनीच धरली. पण लघवीत प्रोटीन नाही. २४ तासांची लघवी गोळा करून तपासली तरी १२० मिलिग्रॅमच. लिव्हरची एन्झाइम्स, बिलिरुबिन, आयएनआर, सोनोग्राफी, सगळं ठीक. इको ठीक. मग एका डॉक्टरांनी तिचं सांधेदुखीचं जुनं गाऱ्हाणं, तोंडात येणारे फोड आणि केस गळणं हे सगळं एकत्र धरून वेगळ्या तपासण्या लावल्या. एएनए (स्वतःच्याच पेशींविरुद्धची प्रतिपिंडं) पॉझिटिव्ह, सी३ (प्रतिकारशक्तीचं एक प्रोटीन) कमी. ते म्हणतात हा ल्युपस, म्हणजे प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते तो आजार, असावा आणि प्रोटीन आतड्यातून गळत असावं. नाव सांगितलं ‘प्रोटीन लूझिंग एन्टेरोपॅथी’. आता २४ तासांचं शौच गोळा करायचंय.

ताई वैतागलीय. तिला जुलाब नाहीत, पोटदुखी नाही, भूकही बरी आहे. मला समजून घ्यायचंय ते असं : जुलाब नसताना प्रोटीन जातं कसं? ते शौच गोळा करणं खरंच गरजेचं आहे का? आणि तोवर घरी प्रोटीन पावडर सुरू करावी का?

---

उगाचच

पावडर सुरू करा हो, त्यात कसला विचार. आमच्या एका नातेवाइकांना अल्ब्युमिनच्या बाटल्या लावल्या होत्या, दोन दिवसांत सूज गायब. उगाच मोठ्या आजारांची नावं ऐकून घाबरू नका.

---

खतावणी

@उगाचच, गायब झालेली सूज परत कधी आली तेही विचारा त्यांना.

धाकटे भाऊ, मला ल्युपस आहे आणि माझ्याकडे तो याच वाटेने आला. सूज आधी, आजाराचं नाव मागाहून. असं होणं तितकंसं जगावेगळं नाही. ल्युपसमधली ही गळती बऱ्याच जणांत आजाराचं पहिलंच लक्षण म्हणून दिसते. मी डॉक्टर नाही, हिशेब लिहिण्यावर पोट आहे माझं, तेव्हा जमाखर्चाच्या भाषेतच सांगते. औषधाचं शेवटी तुमच्या डॉक्टरांना विचारायचं.

लिव्हर रोज साधारण १० ते १५ ग्रॅम अल्ब्युमिन बनवतं. ही जमा. खर्चाच्या बाजूला, अगदी ठणठणीत माणसाच्याही आतड्यात थोडं अल्ब्युमिन उतरतंच, पण रोज खर्ची पडणाऱ्या अल्ब्युमिनच्या दहाव्या हिश्श्याहून ते कमी असतं. या आजारात नेमकं तेच कलम फुगतं. लिव्हर जोर लावतं, उत्पादन दुपटीच्या आसपास नेतं आणि तिथे हात टेकतं. गळतीला मात्र अशी मर्यादा नाही. शिल्लक घसरणारच.

आता पावडर. ती म्हणजे फक्त कच्चा माल. कारखाना आधीच पूर्ण ताकदीने चाललाय, तिथे आणखी गोणी टाकून काय होणार? जेवणात प्रोटीन भरपूर हवंच, शरीराची झीज भरून यायला ते लागतं. किती ते आहारतज्ज्ञ वजनावरून ठरवतील, नेहमीपेक्षा बरंच जास्त सांगतात. पण नुसत्या खाण्याने अल्ब्युमिन वर येईल या आशेवर महिने घालवू नका. मला भेटलेल्या प्रत्येक माणसाने आधी ‘तू नीट खात नसशील’ हेच ऐकवलं होतं. त्याचा राग अजून गेलेला नाही.

बाटल्यांचा हिशेबही करून बघा. २० टक्क्यांची १०० मिलिलिटरची बाटली म्हणजे २० ग्रॅम अल्ब्युमिन. रोज त्याच्या आसपास गळत असेल तर बाटली फार तर एकदोन दिवसांची. छातीत किंवा पोटात पाणी भरून दम लागत असेल, तर तात्पुरता आधार म्हणून डॉक्टर देतातही, आणि तेव्हा ती लागते. पण तो उपचार नव्हे.

जुलाबांबद्दल. ही शंका मलाही होती. गळून आतड्यात पडलेलं अल्ब्युमिन आतड्याच्या दृष्टीने अन्नच. ते पचतं आणि त्याचे तुकडे पुढे शोषलेही जातात. पाणी तिथल्या तिथे परत ओढलं गेलं की शौच घट्टच. ल्युपसमध्ये ही गळती होणाऱ्यांपैकी जवळपास निम्म्यांना जुलाब नसतातच. आणि अल्ब्युमिन असं पचून जात असल्यामुळे शौचात ते मोजून काही हाती लागत नाही, म्हणून दुसरंच एक प्रोटीन मोजतात. त्यावर @परीक्षानळी जास्त नीट लिहितील, त्यांना हाक मारते.

गळतं का, याचं एकच एक उत्तर मला कुणी दिलेलं नाही. स्वतःच्याच शरीराविरुद्ध तयार झालेल्या प्रतिपिंडांमुळे आतड्याच्या बारीक रक्तवाहिन्यांना इजा होते, पेशींमधले सांधे सैल पडतात, काहींच्या लसिकावाहिन्या (आतड्यातून चरबी आणि द्रव वाहून नेणाऱ्या बारीक नळ्या) फुगतात. हे सगळं कमीअधिक प्रमाणात असतं. सी३ कमी आहे म्हणजे या भांडणात ते वापरलं जातंय. कोलेस्टेरॉलचंही नवल वाटून घेऊ नका, ल्युपसमधल्या या प्रकारात ते वाढलेलं बऱ्याचदा दिसतं आणि त्यामुळेच सगळे किडनीच्या मागे लागतात. तुमच्या डॉक्टरांनी लघवी स्वच्छ बघून तिथेच न थांबता पुढे विचार केला, मला तर माणूस पसंत पडला.

आतापासून एक करा. रोज सकाळी, लघवीला जाऊन आल्यावर आणि काही खायच्या आधी वजन. घोट्याच्या वर चार बोटांवर पेनाने खूण करून तिथला घेर टेपने मोजायचा, दोन्ही पायांचा. तारखेपुढे लिहायचं, बस. ‘सूज थोडी कमी वाटते’ या वाक्याचा डॉक्टरांना काही उपयोग नसतो, आकड्यांचा असतो.

---

परीक्षानळी

हाक ऐकली. मी लॅबमध्ये आहे, रोगनिदान हा माझा प्रांत नाही, पण या चाचणीवर बोलू शकतो.

मोजायचं प्रोटीन म्हणजे अल्फा-१ अँटिट्रिप्सिन. आकाराने अल्ब्युमिनच्या जवळपास, त्यामुळे अल्ब्युमिन जिथून निसटतं तिथून हेही निसटतं. मात्र आतड्यातल्या पाचकरसांना ते दाद देत नाही आणि शाबूत बाहेर येतं. फक्त जठरातल्या तीव्र आम्लात ते मोडतं. त्यामुळे गळती जठरातून असल्याचा संशय असेल तर आधी आम्ल कमी करणारी गोळी देऊन चाचणी करतात.

गोळा करायची पद्धत नीट समजून घ्या, कारण निम्मे नमुने तिथेच वाया जातात. लॅबमधून रुंद तोंडाचा डबा घ्या. वेळ ठरवा, समजा सकाळी सात. त्याआधीचं शौच धरायचं नाही. त्यानंतर दुसऱ्या दिवशी सातपर्यंत जे होईल ते सगळं, थोडंसुद्धा न वगळता, डब्यात. लघवी त्यात पडता कामा नये, म्हणून आधी लघवी करून मगच बसायचं. कागद, टिश्यू टाकायचा नाही. डबा झाकण लावून थंड जागी. फ्रिजमध्ये ठेवायला घरचे तयार नसतात, हे रोज ऐकतो. दोन पिशव्यांत बांधा, बाहेर बर्फाच्या डब्यात ठेवा, चालतं. मधे एखादं शौच चुकलं तर तसं स्पष्ट सांगा आणि नव्याने सुरू करा. आम्ही अख्ख्या डब्याचं वजन करतो, ढवळून एकजीव करतो आणि मग त्यातला नमुना घेतो. म्हणून ‘थोडंच आणलंय, चालेल ना?’ याला उत्तर नाही असं आहे.

त्याच काळात रक्तही द्यायचं, कारण रक्तातली पातळी माहीत असल्याशिवाय गणित होत नाही. २४ तासांतलं शौच गुणिले शौचातली पातळी, भागिले रक्तातली पातळी. उदाहरणार्थ शौच २०० मिलिलिटर, त्यात दर मिलिलिटरला १.२ मिलिग्रॅम, रक्तात १.५. उत्तर १६०. म्हणजे त्या दिवसात १६० मिलिलिटर रक्तद्रवातलं प्रोटीन आतड्यात सांडलं. जुलाब नसताना साधारण २७ च्या वर आणि जुलाब असताना ५६ च्या वर गेलं की गळती धरतात. शौचातून रक्त जात असेल तर आकडा खोटाच वाढतो, ते आधी सांगा.

गरजेचं आहे का, या प्रश्नाला माझं उत्तर हो. गळती आहे हे आकड्याने सिद्ध होतं आणि उपचारानंतर तीच चाचणी पुन्हा करून तुलना करता येते.

थोडा इतिहास, राहवत नाही म्हणून. अशा रुग्णांचं शरीर प्रोटीन बनवतच नाही, अशी समजूत पूर्वी होती. १९५९ मध्ये रॉबर्ट गॉर्डन यांनी किरणोत्सारी आयोडीन जोडलेला एक कृत्रिम रेणू शिरेतून देऊन तो शौचात किती उतरतो ते मोजलं आणि या मंडळींचं प्रोटीन आतड्यातून गळतं हे दाखवलं. १९६१ मध्ये थॉमस वाल्डमन आणि सहकाऱ्यांनी त्यातल्या काहींच्या आतड्यातल्या लसिकावाहिन्या फुगलेल्या असल्याचं मांडलं. आजची चाचणी त्याच कल्पनेवर चालते, फक्त किरणोत्सर्ग नको म्हणून शरीरातलंच प्रोटीन वापरतो.

---

कोरडी_विहीर

माझ्या आईला ल्युपस नव्हता, शोग्रेन होता. डोळे-तोंड कोरडं, कोरड्या घशाने रात्री उठून पाणी पिणं, आणि मग ही सूज. तेव्हा ताईला डोळ्यांत खुपणं, घास गिळताना पाणी लागणं असं काही आहे का, ते डॉक्टरांना सांगा. शोग्रेनमध्येही अशी गळती होते. बाकी खतावणीताईंनी लिहिलंय तेच.

---

धाकटा_भाऊ

सगळ्यांचे आभार. परीक्षानळी, तुमचा परिच्छेद छापून बाथरूमच्या दारावर लावला होता. ताईने आधी मला झापलं, मग तंतोतंत पाळला.

रिपोर्ट आला : १४०. एंडोस्कोपीत डोळ्यांना फारसं काही दिसलं नाही, पण बायॉप्सीत आतड्याच्या अस्तराला सूज आणि लसिकावाहिन्या किंचित फुगलेल्या. सीलिअॅकची (गव्हातल्या ग्लुटेनमुळे आतड्याला इजा होते तो आजार) टीटीजी ही रक्तचाचणी निगेटिव्ह. डॉक्टर म्हणतात ल्युपस नक्की, प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड सुरू करायचं, सोबत हायड्रॉक्सिक्लोरोक्विन, पुढे अॅझाथायोप्रीनचा विचार. आणि इथे गाडी अडलीय. ताई म्हणते, "सुजेवर औषध म्हणून तोंड सुजवणारी गोळी मी घेणार नाही." घरातही स्टिरॉइडच्या नावाने सगळे दचकलेत. दुसरं काही निघत असेल तर बघू, असं चाललंय.

---

खतावणी

तुमच्या ताईशी माझं पटेल.

तिला सांगा, चेहऱ्याचा गोलवा खरा आहे. भूक खवळते, झोप उडते, मूड भलतीकडे जातो, साखर आणि बीपी वाढू शकतं. हे तिच्यापासून लपवू नका, तिला कळणारच आहे. पण ही गळती ज्या भांडणातून होते ते थांबवल्याशिवाय ती थांबत नाही, आणि स्टिरॉइड तिथे पहिल्या फळीचं औषध आहे. अनेकांना त्याने चांगला गुण येतो. काहींना एकट्याने पुरत नाही किंवा कमी करताना गळती परत सुरू होते, म्हणून सोबतीला अॅझाथायोप्रीन, मायकोफेनोलेट, गंभीर असेल तर सायक्लोफॉस्फमाइड. ही जोडीची औषधं असतात ती स्टिरॉइड लवकर कमी करता यावं यासाठीसुद्धा. तेव्हा ‘आणखी एक गोळी वाढवली’ असं न म्हणता ती पहिली गोळी कमी करायची तजवीज आहे असं बघा. अॅझाथायोप्रीनवर असताना रक्ताची तपासणी चुकवायची नाही, पांढऱ्या पेशी उतरतात. हायड्रॉक्सिक्लोरोक्विनसाठी सुरुवातीलाच डोळे तपासून घ्या, पुढेही ठरावीक काळाने.

सुरू करण्याआधी मात्र डॉक्टरांना हे विचाराच : लपलेल्या क्षयाची तपासणी झाली का, हिपॅटायटिस बी बघितला का, आणि स्ट्राँगिलॉइडिस नावाचा जंत तपासला का. हा जंत वर्षानुवर्षं पोटात गुपचूप राहतो आणि स्टिरॉइड मिळालं की अंगभर पसरून जिवावर बेतू शकतो. शिवाय आतड्याचा क्षय किंवा क्रोन्स (आतड्याला सूज आणणारा दीर्घकाळचा आजार) असला तरीही प्रोटीन गळतं, तिथे उपचार वेगळे. बायॉप्सी झालीय, तेव्हा हे बहुधा बघितलं असेल, तरी विचारायला पैसे पडत नाहीत. सीलिअॅकच्या टीटीजीबरोबर एकूण आयजीए (प्रतिपिंडांचा एक प्रकार) मोजलं होतं का तेही बघा. आयजीएच कमी असेल तर ती चाचणी निगेटिव्ह येऊनही भरवसा नाही, आणि या गळतीत आयजीजी, आयजीए सगळंच वाहून जातं.

त्याच कारणाने ताप आला तर घरी गोळी देऊन वाट बघू नका. प्रतिकारशक्तीची प्रोटीनं गळालेली, वर स्टिरॉइड. त्याच दिवशी दाखवायचं. जिवंत विषाणूच्या लसी या काळात नकोत, बाकीच्या कुठल्या घ्यायच्या ते डॉक्टर सांगतील. आणि दोन्ही पायांची सारखी सूज वेगळी, पण एकाच पोटरीत दुखून सूज आली, ती गरम लागली, किंवा एकदम दम लागला, तर सरळ इमर्जन्सी. अल्ब्युमिन इतकं खाली असताना रक्ताच्या गाठी होतात, ल्युपसमध्ये तर आणखी. अँटिफॉस्फोलिपिड प्रतिपिंडं तपासली नसतील तर तपासायला सांगा.

गोळी सकाळी, खाऊन झाल्यावर. आणि काहीही झालं तरी मनाने बंद करायची नाही. बरं वाटतंय म्हणून नाही, चेहरा गोल झाला म्हणून नाही, संपली आणि दुकान बंद होतं म्हणूनही नाही. शरीर स्वतःचं स्टिरॉइड बनवणं विसरलेलं असतं, एकदम सोडलं तर माणूस कोसळतो.

लसिकावाहिन्या फुगल्यात म्हणालात ना, तर आहारतज्ज्ञांना कमी स्निग्ध आहार आणि एमसीटी तेलाबद्दल विचारा. नेहमीची चरबी लसिकावाहिन्यांतून जाते आणि त्यांच्यावरचा दाब वाढवते. एमसीटी सरळ रक्तातून लिव्हरकडे जातं. चव मात्र माझ्या नशिबी आली ती दिव्य होती.

आणि अल्ब्युमिनची वाट बघताना घाई नको. त्याचं अर्धायुष्य जवळपास तीन आठवड्यांचं. गळती थांबली तरी शिल्लक भरायला वेळ लागणारच. माझ्या वहीत आधी घोट्याचा घेर उतरला, अल्ब्युमिन मागून रांगत आलं. दर चार दिवसांनी रक्त तपासून रडायचं नाही.

---

धाकटा_भाऊ

तिला वाचून दाखवलं. ‘दिव्य चव’ला हसली, आणि गोळी घ्यायला तयार झाली आहे. जंताची तपासणी झाली नव्हती, ती आता लावलीय. क्षयाची झाली होती. एकूण आयजीए कमी निघालं, त्यामुळे सीलिअॅकसाठी डॉक्टर बायॉप्सीच्या काचा पुन्हा बघून घेणार आहेत.

एक शेवटचं. कॅल्शियम ७.२ आलंय आणि एका परिचितांनी मोठ्या डोसचं कॅल्शियम शिरेतून द्यायला सांगितलंय. घाबरण्यासारखं आहे का?

---

परीक्षानळी

रक्तातलं निम्म्याच्या आसपास कॅल्शियम प्रोटीनला, मुख्यतः अल्ब्युमिनला चिकटून फिरतं. अल्ब्युमिन कमी, म्हणजे एकूण आकडा कमी दिसणारच. ढोबळ दुरुस्ती अशी : ४ मधून अल्ब्युमिन वजा, गुणिले ०.८, ते रिपोर्टमधल्या आकड्यात मिळवा. ४ वजा १.८ म्हणजे २.२, गुणिले ०.८ म्हणजे १.७६. ७.२ अधिक १.७६, जवळपास ९. नॉर्मल. पण हे गणित अंदाजाचं आहे आणि अल्ब्युमिन इतकं खाली असताना चकवूही शकतं, तेव्हा आयोनाइज्ड, म्हणजे प्रोटीनला न चिकटलेलं मोकळं कॅल्शियम थेट मोजून घ्या. हाताला मुंग्या, तोंडाभोवती बधिरपणा, बोटं आकडणं असं काही असेल तर लगेच, नसेल तर पुढच्या रक्ताबरोबर. व्हिटॅमिन डीसाठीही त्याच वेळी रक्त द्या, स्टिरॉइड सुरू होणार आहे तर हाडांसाठी ते माहीत असलेलं बरं. शिरेतून कॅल्शियमचा निर्णय परिचितांनी नाही, हा रिपोर्ट बघून डॉक्टरांनी घ्यायचा.